काळ्या हातावरचा गूळ

आगीच्या बंबावरच्या माणसाला नोकरी किती झाली असं कुणी विचारत नाही. किती धूर खाल्ला, असं विचारतात. मी सांगतो, पोटभर. आता रिटायर होऊन घरी आहे. भाजी आणतो, नातीला शाळेत सोडतो, संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर बसतो. तरी रस्त्यात जुना कुणी भेटला की पहिला प्रश्न हाच. "रामटेके म्हणजे धूर खाल्लेला माणूस," असं माझ्यादेखत कुणी म्हणालं तर अजूनही छाती थोडी फुगते. ती फुगू नये, असं माझं आता मत आहे. मत झालं तरी छाती ऐकत नाही, ही अडचण.

दिवाळी अंकासाठी लिहा, असं संपादक म्हणाले, तेव्हा त्यांना बहुधा ज्वाळांतून बाळ उचलून आणल्याची गोष्ट हवी असावी. तशी एक आहे. पण ते बाळ नव्हतं, बकरी होती, आणि तिने बाहेर आल्यावर माझ्या मांडीला शिंग मारलं. मालकीण मलाच म्हणाली, "माह्या बकरीले कायले घाबरवलं?" आभार वगैरे आमच्या धंद्यात फारसे मिळत नाहीत. विहिरीत बिबट पडला, आम्हाला फोन. शाळेत नाग निघाला, आम्हाला फोन. एकदा एका नवरदेवाची घोडी कोळशाच्या ट्रकला बुजून पळाली, तेव्हाही आम्हालाच फोन होता. ही सगळी गंमत मी एखाद्या लग्नात रंगवून सांगेन. इथे मला गुळाची गोष्ट सांगायची आहे.

आधी एक शब्द समजावून देतो. कुठे आग लागल्याचा निरोप आला की आम्ही म्हणतो, वर्दी आली. अंगावर घालतो तीही वर्दीच. एका वर्दीवर दुसरी वर्दी घालून जायचं, असा आमचा रोजचा हिशोब. पहिली विझवून तिथेच सोडून यायची असते. दुसरी मात्र आम्ही वर्षानुवर्षं अंगावर घालून घरी आणत होतो, आणि सगळा घोळ तिथेच होता.

आमच्या नगराचं नाव लिहीत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातलं आहे, एवढं पुरे. नाव लिहिलं तर तिथले साहेब मला चहाला बोलावतील आणि तो चहा गोड लागणार नाही. मोठ्या शहरातल्या बंबवाल्यांना उंच इमारती असतात. आमच्याकडे उंच म्हणजे पाण्याची टाकी. आमच्या आगी जमिनीवरच्या. तेंदूपत्त्याचं गोदाम, तणसीचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे ढीग, कापसाची गंजी, आतल्या आत धुमसणारा कोळसा. मोहफुलाच्या दिवसांत लोक झाडाखालचा पाला जाळतात, फुलं वेचायला जागा साफ व्हावी म्हणून, आणि वारा फिरला की तो जाळ जंगलात शिरतो. कधी शेजारच्या जिल्ह्यातून, धानोऱ्याकडून, कुरखेड्याकडूनही मदतीचा निरोप यायचा आणि आम्ही बंब काढायचो.

मी लागलो तेव्हा जळायचं ते लाकूड, गवत, पाला. त्या धुराने डोळे झोंबायचे, खोकला यायचा, पण तो ओळखीचा होता, चुलीसारखा. हळूहळू धूर बदलला. घराघरांत फोमच्या गाद्या आल्या, प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, टीव्ही आले. पळसाच्या पानाची पत्रावळ गेली आणि थर्माकोलची आली. धुराचा रंग बदलला, वास बदलला. आम्ही मात्र त्याला धूरच म्हणत राहिलो आणि तसाच खात राहिलो.

आता मडावी. बिरजू मडावी आमचा ड्रायव्हर. बंब चालवायचा आणि आगीजवळ उभा केला की पंप सांभाळायचा. मूळचा धानोऱ्याकडचा गोंड माणूस, बोलायला कमी आणि चिडवायला पुढे. मी आग विझवणारा असलो तरी पाणी त्याच्या हातात होतं, त्यामुळे भांडण झालं तर मीच नमतं घ्यायचो. आणखी एक मोठी सत्ता त्याच्याकडे होती. त्याच्या सीटखाली स्टीलचा डबा असायचा, त्या डब्यात गूळ.

गूळ ही आमच्या अग्निशमन केंद्राची रीत. आमच्या आधीच्या एका जमादाराचे वडील कोळसा खाणीत होते. खाणीतले लोक वर आले की गूळ खायचे, म्हणजे छातीत गेलेली धूळ उतरते असा समज. जमादाराने तो समज बंबावर आणला आणि तो तिथे पक्का बसला. आग विझली, पाइप गुंडाळले, की मडावी डबा काढायचा. सगळे त्याच्यासमोर हात पसरून उभे राहायचे. आधी नव्या माणसाला, मग जुन्यांना, आणि शेवटी स्वतः मडावी. नव्या पोराच्या हातावर पहिल्यांदा गूळ पडला की तो आमच्यातला झाला, अशी मान्यता. सरकारी नेमणुकीपेक्षा त्या खड्याला किंमत जास्त होती. मी माझा पहिला खडा खाल्ला तेव्हा हात कोपरापर्यंत काळे होते. गुळाला रॉकेलचा, रबराचा आणि कसला कसला वास होता. इतका गोड गूळ मी पुन्हा खाल्ला नाही.

हात धुवायचं कुणाच्या डोक्यात येत नसे. पाणी आगीसाठी, हातासाठी नाही, असा आमचा बाणा. टाकीत उरलंच तर पुढच्या वर्दीला लागेल. डांबरासारखं काही चिकटलं असेल तर डिझेलचा बोळा फिरवायचो. काळा हात ही कामाची खूण होती. कोटाचंही तसंच. ज्याचा कोट जास्त काळा, तो जास्त अनुभवी. नवीन पोरं कोट मुद्दाम धुवायची नाहीत, लवकर मुरलेलं दिसावं म्हणून. धुवायचाच झाला तर घरी. केंद्रात मशीन नव्हतं आणि एकेका माणसाला एकेकच कोट. माझा कोट सुनंदा, म्हणजे माझी बायको, अंगणात धुवायची. मडावीचा शेवंताबाई धुवायच्या, पोरीच्या शाळेच्या कपड्यांबरोबर, एकाच टोपल्यात.

एका वर्दीबद्दल सांगतो. राजुऱ्याच्या बाजूला एका कृषी केंद्राला आग लागली. पुढे दुकान, मागे गोदाम. आम्ही पोचलो तर मालक रस्त्यावर उभा. आत काय आहे, हे पहिलं विचारायचं असतं, कारण त्यावर सगळं ठरतं. मी विचारलं.

"काई नाई भाऊ, दवाई आहे फक्त," तो म्हणाला.

आमच्याकडे पिकावर मारायच्या विषाला दवाई म्हणतात. शेतकऱ्याच्या घरात वाढलेलो आम्ही सगळेच हे जाणतो. आमच्या घरी कापूस होता, मी स्वतः पाठीवर पंप बांधून फवारणी केलेली. डबीवरचं कवटीचं चित्र मला नवीन नव्हतं. पण शब्दाची सवय कशी असते पाहा. तो जर म्हणाला असता की आत जहर आहे, तर मी दहा पावलं मागे सरलो असतो. तो दवाई म्हणाला आणि आम्ही पुढे गेलो.

आमच्याकडे पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडावर मुखवटा, अशी श्वासाची यंत्रं होती. पुरेशी नव्हती, पण होती. ज्वाळा होत्या तोवर आत जाणाऱ्यांनी ती लावली. ज्वाळा गेल्या की कूलिंग सुरू होतं. कूलिंग म्हणजे जळलेला माल उकरायचा, उलथवायचा आणि आतल्या निखाऱ्यांवर पाणी मारायचं. बाहेरच्याला वाटतं आग संपली. आम्हालाही तसंच वाटायचं. मुखवटा काढायचा, कोटाची बटणं सोडायची, आणि फावडं घ्यायचं. खरं तर ओल्या, धुमसणाऱ्या मालातून सर्वात वाईट वायू तेव्हाच निघतात. डोळ्यांना जाळ दिसत नाही, म्हणून माणूस निर्धास्त होतो.

त्या गोदामात लसणासारखा वास येत होता. उग्र, डोक्यात चढणारा. मडावी पंपावरून ओरडला, "काऊन गा, आत भाजी फोडणीले टाकून राह्यला काय?" आम्ही हसलो. थोड्या वेळाने एकाच्या तोंडाला लाळ सुटली, दुसरा भिंतीला धरून ओकला. माझं डोकं असं दुखायला लागलं की हेल्मेट घट्ट झालं असं वाटलं. वारा वळला होता आणि सगळा धूर पंपावर जात होता. मडावी पंप सोडू शकत नव्हता. तो सोडला तर आमचं पाणी बंद. दुपट्टा नाकावर बांधून तो उभा राहिला, शेवटपर्यंत.

नंतर डबा निघाला. ओकून आलेल्यालाही गूळ मिळाला, उलट त्याला मोठा खडा. "खा बे, छाती साफ होते," मडावी म्हणाला. आम्ही सगळ्यांनी त्या हातांनी गूळ खाल्ला आणि बोटं चाटली.

त्या आगीमुळे मडावी आजारी पडला, असं मी म्हणत नाही. तसं कुणीच म्हणू शकत नाही, हे मला पुढे चंद्रपूरच्या एका डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. एका आगीवर असं बोट ठेवता येत नाही. पण पुढे काही काळाने मडावीच्या लघवीतून रक्त गेलं. त्याने ते कुणालाच सांगितलं नाही. उन्हाळा आहे, उष्णता झाली, म्हणून धने-जिऱ्याचं पाणी प्यायला. ते थांबलं, पुन्हा आलं. दुखत नव्हतं, आणि दुखत नाही ते आमच्या हिशोबी आजारात धरत नाहीत. अखेर शेवंताबाईंच्या लक्षात आलं आणि त्या थेट माझ्या दारात आल्या.

"भाऊ, हे माहं ऐकून नाई राह्यले. तुमी घेऊन जा त्याईले चंद्रपूरले. आजच्या आज."

मी त्याला मोटारसायकलवर मागे बसवून नेलं. बंब चालवणाऱ्या माणसाला मागे बसायची सवय नव्हती. वाटभर मला गिअर कधी टाकायचा ते सांगत होता.

तपासण्या झाल्या. मूत्राशयात गाठ निघाली. कॅन्सर हा शब्द डॉक्टरबाईंनी आडवळण न घेता उच्चारला. वयाने आमच्यापेक्षा बऱ्याच लहान, बोलायला स्पष्ट. मडावी टेबलाकडे बघत राहिला. मी म्हणालो, "खर्रा खातो जी हा." खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेलं आमच्या भागाचं राष्ट्रीय खाद्य. मला वाटलं, कारण सापडलं, आता पुढे चला.

"खर्रा आजपासून बंद," बाई म्हणाल्या. "त्यात सूट नाही. पण मला सांगा, काम काय करता?"

आतापर्यंत कुठल्याही दवाखान्यात आम्हाला हा प्रश्न नोंदीपलीकडे कुणी विचारला नव्हता. मडावी म्हणाला, बंबावर आहे. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि एकामागून एक विचारू लागल्या. काय काय जळतं? तोंडावर काय बांधता? कोट किती दिवसांनी धुता? कोण धुतं? मडावी उत्तरं देत होता आणि प्रत्येक उत्तराला त्याचा आवाज खाली जात होता.

"आग विझली की पहिलं काय करता?"

"गूळ खातो जी," मडावी म्हणाला.

"हात धुऊन?"

मडावीने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या पोस्टरकडे पाहिलं.

बाई आमच्यावर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी साधेपणाने सांगितलं. धूर नाकातूनच जातो असं नाही. ती काजळी कातडीवर बसते. अंग तापलेलं असतं, घाम असतो, तेव्हा कातडीतून ती जास्त आत शिरते, मानेतून, जबड्याखालून. हाताला लागलेली पोटात जाते. आत गेलेलं विष शरीर बाहेर काढतं ते लघवीवाटे, म्हणजे मूत्राशयात ते साठून राहतं. "तुमचा आजार खर्ऱ्याने झाला की धुराने, मी ठामपणे सांगू शकत नाही. दोन्हींनी मिळून झाला असेल. पण जगभरात आग विझवणाऱ्यांना हा धोका आहे, हे आता माहीत झालेलं आहे. काळे हात, डिझेलचा बोळा, न धुतलेला कोट, हे बंद करणं तुमच्या हातात आहे."

"अन् घरी?" मडावीने विचारलं. "पोरीचे कपडे त्याच टोपल्यात धुते जी आमची बाई."

बाई म्हणाल्या, "तिला लगेच काही झालं असं समजू नका. पण यापुढे तो कोट घराच्या उंबऱ्याआत नको."

बाहेर आल्यावर मडावी दवाखान्याच्या पायरीवर बसला. स्वतःचं ऐकताना तो गप्प होता. आता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "रामटेके, मले झालं ते झालं गा. पण मी हे अंगावर घेऊन घरी गेलो रोज. पोट्टी लहान होती तवा कोटातच उचलून घेत होतो तिले. तिले तो वास आवडे."  माझीही मुलगी त्याच वासात वाढली होती. मी त्याच्या शेजारी बसलो आणि दोघांनी मिळून एक गोष्ट पक्की केली. आगीवरचं काळं यापुढे घरी जाणार नाही. आमच्या केंद्रातल्या कुणाच्याच घरी नाही.

बोलणं सोपं होतं. केंद्रात मी हे मांडलं तेव्हा पोरांनी मला वेड्यात काढलं. मडावी दवाखान्यात भरती होता, त्यामुळे माझ्या बाजूने बोलायला कुणी नाही. नितेश नावाचा एक तडफदार गडी होता, आगीत सगळ्यांच्या पुढे. तो म्हणाला, "भाऊ, आता आगीवर साबण घेऊन जाऊ काय? लोक पाहतीन तर काय म्हणतीन, आंघोळीले आले म्हणतीन!" सगळे हसले. मीही हसलो, कारण चित्र खरंच तसं होतं. केंद्राचे साहेब चांगले होते, पण त्यांच्या हातात मागणी करणं एवढंच होतं. दुसरे कोट मागितले आहेत, येतील, म्हणाले. येतील हा शब्द सरकारी दप्तरात फार लांबचा प्रवास करतो.

मी कोट यायची वाट पाहिली नाही. बंबाच्या मागच्या खणात बादली ठेवली, साबण ठेवला, फडकी ठेवली आणि एक मोठं प्लास्टिकचं पोतं ठेवलं. नियम असा केला की आग विझल्यावर बंबात चढण्याआधी पाइपचं पाणी कमी दाबावर घेऊन एकमेकांच्या अंगावर मारायचं, कोट-हेल्मेटसकट. मग कोट काढून पोत्यात, पोत्याचं तोंड बांधून मागे. केबिनमध्ये काळं काही नाही. मग तोंड, मान, हात साबणाने. कूलिंग संपेपर्यंत मुखवटा उतरवायचा नाही. हे सगळं सांगताना मीच पहिला उभा राहायचो, कुत्र्याला धुतात तसा. एक-दोघं करायचे, बाकीचे टाळायचे. नितेश तर सरळ केबिनमध्ये जाऊन बसायचा, काळा कोट घालून, ऐटीत.

आमची बाजू भक्कम केली ती शेवंताबाईंनी. एका सकाळी त्या केंद्राच्या फाटकावर आल्या. बरोबर सुनंदा आणि आणखी दोघी-तिघी. प्रत्येकीच्या हातात नवऱ्याचा कोट, काठीला टांगलेला, मेलेला साप धरतात तसा लांब. शेवंताबाईंनी मडावीचा कोट फाटकाच्या आत जमिनीवर ठेवला.

"साहेब, हे आमच्या घरचं कापड नोहे," त्या म्हणाल्या. "इथीच मळते, इथीच धुवा. आमी आता धुवून नाई देऊन राह्यलो."

साहेब गडबडले. "बाई, बसा न आत. चहा घ्या."

"चहा नोको. नळ पायजे. इथी नळ अन् धुवाचा ओटा करून द्या, मंग चहा पिऊ."

सुनंदा एरवी मोठ्याने बोलत नाही. तिने माझा कोट ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आमचं ऐकत नसान तर नवऱ्याईलेही इथीच ठेवा." फाटकावरचा पहारेकरी हसून हसून खोकला. पण ओटा झाला. जुन्या टायरच्या खोलीमागे नळ आला, वाळत घालायला तार आली. नवे कोट आले नव्हते, त्यामुळे कित्येकदा आम्ही ओल्या कोटात वर्दीवर गेलो. ओला कोट आगीजवळ तापला की अंगाला वाफेचा चटका बसतो, तो धोका वेगळाच. ही अडचण मी साहेबांकडे पुन्हा पुन्हा मांडली. त्यांना माझा कंटाळा आला तरी मला त्यांचा आला नाही.

एक गोष्ट मात्र सुटत नव्हती. गूळ. मडावी रजेवर जाताना डबा घरी घेऊन गेला होता. त्याच्या जागी नितेशच्या गटाने दुसरा डबा सुरू केला आणि रीत तशीच चालू ठेवली. हात धुवा म्हटलं की म्हणायचे, "मडावीभाऊची रीत आहे, ते कशी मोडू?" मडावी दवाखान्यात पडून होता आणि त्याच्या नावाने पोरं काळा गूळ खात होती. मला याचा फार राग यायचा. मी मडावीला सांगितलं नाही. त्याची गाठ दुर्बिणीने खरवडून काढली होती, नळीवाटे मूत्राशयात औषध सोडणं चालू होतं, आणि ते झालं की तो दिवसभर मुरगळून पडायचा. पण शेवंताबाईंना सुनंदाकडून कळलं, आणि त्या नवऱ्यापासून काही लपवत नसत.

मडावी कामावर परत आला तेव्हा त्याला बंब दिला नाही, फोनवर बसवलं. वर्दी घ्यायची आणि घंटा वाजवायची. तो वाळला होता. खर्रा सुटल्यामुळे तोंडात सतत लवंग. कुणी तब्येत विचारली की म्हणायचा, "पाणी साफ येऊन राह्यलं," आणि ऐकणारा ओशाळायचा.

मग एका दुपारी भंगाराच्या गोदामाला आग लागली. प्लास्टिक, टायर, जुन्या बॅटऱ्या, तारांची भेंडोळी. फोन मडावीनेच घेतला. आम्ही गेलो. तो धूर शाईसारखा होता आणि जाड. जवळची वस्ती आधी रिकामी केली, मग काम. कूलिंगच्या वेळी मी सगळ्यांच्या मागे लागून मुखवटे तोंडावरच ठेवायला लावले. नितेशने शिव्या दिल्या, पण ठेवला. आग बसली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

बाहेर येऊन पाहतो तर बंबाच्या पायरीवर मडावी. फोन दुसऱ्याकडे देऊन साहेबांच्या जीपमधून आला होता. मांडीवर जुना डबा. पोरं आनंदाने ओरडली. मडावीभाऊ आला, गूळ आला. नितेश सगळ्यांत पुढे, दोन्ही हात पसरून. हात काळेकुट्ट, नखांपर्यंत.

मडावीने डबा उघडला. एक खडा काढला. आणि डबा बंद केला.

"हात दाखव."

"दाखवूनच राह्यलो भाऊ."

"हा हात नोहे. हे काळं आहे. हात कुठी आहे तुहा?"

नितेश हसला. मडावी हसला नाही. "अरे पोट्ट्या, मी हे काळं गुळासंग खाल्लं. किती वर्षं खाल्लं. मले वाटे छाती साफ होते. ते खाली जाऊन बसलं. आता डॉक्टर नळी टाकून पाहते आत, दर खेपेले. तुले नळी पायजे का गूळ?" त्याचा आवाज चढला. "माह्या नावानं काळा गूळ वाटता म्हणे तुमी. माही रीत आहे म्हणे. माही रीत मीच बदलवतो. धुतला हात, त्याले गूळ. नाई धुतला, त्याले नाई. कोट अंगावर असन तर नाई. ज्याले राग येईन त्यानं घरी जाऊन खावं."

 गोदामातून पाणी ठिबकत होतं. मी पाइप उचलला आणि पंपावरच्या पोराला दाब कमी करायला सांगितला. नितेशने पसरलेले हात खाली घेतले. मग माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि डोळे मिटले. मी त्याला डोक्यापासून धुतलं. काळं पाणी त्याच्या बुटांवरून वाहून गेलं. कोट पोत्यात गेला. त्याने साबण घेतला, हात घासले, नखं घासली, मान घासली, आणि पुन्हा मडावीपुढे गेला. मडावीने त्याचे हात उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले. गूळ दिला. मग एकेक करून सगळे आले.

मी शेवटी गेलो. हात स्वच्छ होते, कोट काढलेला, मी निर्धास्त.

"मान दाखव," मडावी म्हणाला.

मान विसरलो होतो. ज्या माणसाने बादली आणली, साबण आणला, सगळ्यांच्या मागे लागला, त्याच्या कानामागे काजळीचा पट्टा होता.

"तुले नाई," मडावी म्हणाला आणि डबा मांडीवर ठेवला. पोरं मनसोक्त हसली. मी परत बादलीकडे गेलो.

पुढे दुसरे कोट आले. सगळ्यांना नाही, निम्म्यांना. बाकीच्यांसाठी साहेबांच्या मागे लागायचं काम मी नितेशकडे सोपवून आलो आहे, आणि तो माझ्यापेक्षा चिवट आहे. मडावीची दुर्बिणीची तपासणी चालू असते. आतापर्यंत साफ आलं आहे. दर वेळी आम्ही मोटारसायकलने जातो, दर वेळी तो मला गिअर सांगतो. उद्याचं मला माहीत नाही. इतक्या वर्षांत मी काय काय खाल्लं, तेही मला माहीत नाही. वर्षातून एकदा मीही तपासून घेतो आणि निकाल येईपर्यंत सुनंदाशी उगीच भांडतो.

माझ्या निरोपाच्या दिवशी हार झाले, भाषणं झाली. मी पांढरा शर्ट घालून गेलो होतो. त्या दिवशी एकही वर्दी नव्हती. सगळं आटोपल्यावर मडावी डबा घेऊन समोर आला. मी गुळासाठी हात पुढे केला.

"दाखव," तो म्हणाला.

मी दोन्ही हात दाखवले. त्याने ते उलटून पाहिले, नखं पाहिली. मग मला मान वळवायला लावली आणि कानामागे बोट फिरवून स्वतःचं बोट उजेडात धरलं. बोट कोरडं होतं, स्वच्छ.

त्याने सगळ्यात मोठा खडा माझ्या हातावर ठेवला.

"जा आता घरी," म्हणाला.

मी गेलो.